खाणकामगार जॉक

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या आग्नेयेस लॅनार्कशायर नावाचा परगणा आहे. एके काळी तेथे गावोगावी दोन गोष्टी हटकून आढळत : कोळशाची खाण आणि फुटबॉलचे मैदान. याच परगण्यातील बर्नबँक येथे ५ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉक स्टाइनचा जन्म झाला. १९३७ साली त्याची शाळा सुटली. काही दिवस त्याने गालिच्यांच्या कारखान्यात काम केले आणि मग तो खाणीत उतरला.

१९४२ साली कोटब्रिजच्या ॲल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबाने त्याला अजमावून पाहण्यासाठी एका सामन्यात खेळवले. समोर होता बलाढ्य सेल्टिक क्लब. सामना ४-४ असा बरोबरीत सुटला आणि जॉकला संघात जागा मिळाली. नोकरी मात्र सुटली नाही. महायुद्ध चालू होते. कोळशावाचून कारखाने आणि आगगाड्या बंद पडल्या असत्या. म्हणून खाणकामगारांना सैन्यात न धाडता खाणीतच ठेवीत. आठवडाभर जमिनीच्या पोटात राबावे आणि शनिवारी मैदानावर उतरावे, असा त्याचा क्रम होता. युद्ध संपले, तरी क्रम बदलला नाही. लहान क्लबाच्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार कसा चालणार?

जॉक बचावफळीच्या मध्यभागी खेळे. उंच आलेला चेंडू डोक्याने परतवण्यात तो तरबेज होता. पायांत विलक्षण जादू होती असे मात्र नव्हे. स्कॉटलंडमध्ये क्लबांच्या श्रेण्या असतात. खालच्या श्रेणीत चमकणारा संघ वर चढतो, वरच्या श्रेणीत तळाला राहणारा खाली येतो. रोव्हर्स १९४८ साली वर चढले आणि वर्षभरातच पुन्हा खाली आले.

१९५० साली वेल्समधील लॅनेली क्लबाने त्याला बोलावले. आता खाण सुटली, केवळ खेळावर पोट भरू लागले. पत्नी व लहान मुलगीही तिकडे गेली. इतक्यात हॅमिल्टनमधील त्यांच्या बंद घरात चोरी झाली, तीही एकदा नव्हे, दोनदा! घराची ओढ अनावर झाली. फुटबॉल सोडून पुन्हा खाणीत जावे, असे जॉकने जवळजवळ ठरवले.

नेमक्या त्याच वेळी, डिसेंबर १९५१ मध्ये, सेल्टिककडून बोलावणे आले. क्लबाने त्याच्यासाठी १,२०० पौंड मोजले, पण ते राखीव संघासाठी. तरुण खेळाडूंना त्याने चार गोष्टी शिकवाव्या, एवढीच अपेक्षा होती. पण मुख्य संघातील बचावपटू जखमी झाले आणि एकोणतिसाव्या वर्षी जॉकला संधी मिळाली. पुढे तो कर्णधार झाला. १९५४ साली त्याच्या संघाने लीग आणि स्कॉटिश चषक, दोन्ही जिंकले. घोट्याच्या दुखापतीमुळे १९५७ साली त्याला खेळ सोडावा लागला. पाय कायमचा अधू झाला.

यानंतर तो प्रशिक्षक झाला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे त्याच्या सेल्टिक संघाने इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबाला तोपर्यंत हा चषक मिळाला नव्हता. त्या दिवशी खेळलेले अकराही खेळाडू ग्लासगोच्या आसपास तीस मैलांच्या आत जन्मलेले होते.