रिबिनीचे फूल

वाढदिवसाची भेट हाती आली आहे. वेष्टनाचा रंगीत कागद सुरेख आहे. पण वरच्या रिबिनीची गाठ काही केल्या सुटत नाही. आधी नखांनी प्रयत्न होतो, मग दातांनी, आणि अखेरीस कात्री येते. कागद फाटतो, रिबीन वाया जाते आणि घेणाऱ्याचा अर्धा आनंद त्या झटापटीतच सरतो. देणाऱ्याने निरगाठ मारली होती, एवढाच त्याचा अपराध!

ओढाताण केली असता जी अधिकच आवळते ती निरगाठ, आणि एक टोक ओढताच जी मोकळी होते ती सुरगाठ. बुटाची नाडी आणि शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेणीवरील फूल ही सुरगाठीचीच रूपे होत. भेटीवर बांधावयाचे फूलही तेच. वाटेत ते सुटता कामा नये, आणि घेणाऱ्याने हात लावल्यावर मात्र त्याने अडून बसता कामा नये.

प्रथम रिबीन पुरेशी हवी. खोका २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच असेल, तर त्याला उभा-आडवा वेढा घालण्यास ९० सेंटिमीटर रिबीन लागते; कारण लांबी व रुंदी दोनदा मोजावी लागते, उंची मात्र चारदा. फुलासाठी आणखी ६० सेंटिमीटर धरली, की झाली दीड मीटर. येथे काटकसर केली तर फूल चिमणीच्या शेपटाएवढे होते.

रिबिनीचा मध्य खोक्यावर ठेवून दोन्ही टोके खाली न्यावीत, तळाशी ती एकमेकांत अडकवून काटकोनात वळवावीत आणि उरलेल्या दोन बाजूंनी वर आणावीत. वर आल्यावर एक टोक आधीच्या पट्टीखालून ओढून घ्यावे, म्हणजे वेढा घसरत नाही.

खरी मेख यापुढे आहे. उजवे टोक डाव्यावरून नेऊन पहिली अर्धी गाठ आवळावी. ती सैल पडू नये म्हणून दुसऱ्या कोणी तिच्यावर बोट दाबून धरलेले बरे. धाकट्या भावंडांचा हा उपयोग घरोघरी ठाऊक आहे. मग उजवीकडे आलेल्या टोकाची पाकळी दुमडून चिमटीत धरावी. डावीकडचे टोक तिच्या समोरून नेऊन मागे वळवावे आणि मधल्या फटीतून त्याची दुसरी पाकळी ओढून काढावी. पहिल्या वेळी उजवे टोक वर होते, आता डावे वर आले. हा पालट विसरला, की पाकळ्या आडव्या न पसरता वाकड्या उभ्या राहतात आणि गाठही लवकर सैलावते. बुटाच्या नाड्या का सुटतात, याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यातही ही चुकीची गाठच आधी सुटलेली आढळली. स्काउटची मुले जखमेवरील पट्टी बांधताना हाच उजव्या-डाव्याचा पालट पाळतात, म्हणून त्यांची गाठ सपाट बसते व टोचत नाही.

शेवटी रिबिनीची टोके तिरपी कापावीत, म्हणजे धागे लवकर निघत नाहीत.

कोणती गाठ कोठे शोभते, याचा विचार जपानात फार बारकाईने झालेला आहे. तेथे भेटीवर मिझुहिकी बांधण्याची रीत आहे. मिझुहिकी म्हणजे कागदाला पीळ देऊन, खळ लावून ताठ केलेल्या बारीक दोऱ्या. बाळाच्या जन्मानिमित्त द्यावयाच्या भेटीवर त्यांचे सुरगाठीचे फूल बांधतात. ते सोडून पुन्हा बांधता येते, आणि असा प्रसंगही पुन्हा पुन्हा यावा अशीच सर्वांची इच्छा असते. विवाहाच्या भेटीवर मात्र हे फूल बांधणे अशिष्ट समजतात. तेथे निरगाठच हवी, कारण लग्नगाठ एकदाच बसावयाची असते. आणि दुखण्यातून उठलेला मनुष्य समाचारास येऊन गेलेल्या आप्तेष्टांना जी परतभेट पाठवितो, तिच्यावरही निरगाठच असते. ते दुखणे पुन्हा येऊ नये!