नगरपालिकेतील लोकप्रतिनिधी : अधिकार आणि उत्तरदायित्व

छत्तीसगढमधील भिलाई शहरात नेहरू नगर ही वसाहत आणि पोलाद कारखान्याची 'सेक्टर' नावाने ओळखली जाणारी वसाहत एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. दोन्हीकडील नागरिक आपापल्या प्रभागातून नगरसेवक निवडून देतात. मात्र नेहरू नगरातील नळ, गटार, रस्ता व दिवाबत्ती यांची जबाबदारी महानगरपालिकेची आहे, तर सेक्टरमधील बहुतेक सेवा भिलाई पोलाद कारखान्याचा नगरसेवा विभाग पुरवितो. म्हणजे मतदानाचा हक्क समान, परंतु निवडून दिलेल्या प्रतिनिधीच्या हाती असलेले अधिकार असमान. नागरी संस्थांतील लोकप्रतिनिधींच्या भूमिकेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक आरंभीच ध्यानात घ्यावा.

घटनात्मक चौकट

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अंमलात आली. अनुच्छेद 243क्यू अन्वये संक्रमणशील क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद व मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका अशी त्रिविध रचना झाली. अनुच्छेद 243यू ने पाच वर्षांची मुदत निश्चित केली. बाराव्या अनुसूचीत 18 विषय नमूद आहेत. परंतु ते विषय प्रत्यक्षात सोपविणे न सोपविणे हे अनुच्छेद 243डब्ल्यू ने राज्य विधिमंडळावर सोडले आहे. परीक्षेत हा मुद्दा वारंवार निसटतो. अनुसूचीत विषय असणे म्हणजे नगरसेवकाच्या हाती अधिकार असणे नव्हे.

याच अनुच्छेद 243क्यू मध्ये एक परंतुक आहे. एखादा उद्योग नागरी सेवा पुरवीत असेल, तर राज्यपाल ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून घोषित करू शकतात आणि तेथे निर्वाचित नगरपालिका स्थापन करणे बंधनकारक राहत नाही. भिलाईने हा मार्ग पत्करला नाही. कारखान्याची वसाहत महानगरपालिकेच्या प्रभागांत समाविष्ट झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ही निवड श्रेयस्करच म्हणावी लागेल. तथापि तिच्यामुळे सेक्टरमधील नगरसेवकाची स्थिती चमत्कारिक झाली. त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी अनेकांचे निवारण त्याच्या सभागृहाच्या कक्षेतच नसते.

नगरसेवक

नगरसेवकाला छत्तीसगढात पार्षद म्हणतात. गटार तुंबले की त्याचे दार ठोठवावे, अशी जनमानसातील कल्पना आहे. प्रभागाची गाऱ्हाणी सभागृहात मांडणे हे त्याचे कर्तव्य आहेच. मात्र सफाई कामगारांवर देखरेख ठेवणे हे परिमंडळ कार्यालयातील अधिकाऱ्यांचे काम होय. नगरसेवकाची खरी सत्ता महासभेत आहे. अंदाजपत्रकास मंजुरी देणे, कराचे दर ठरविण्यात भाग घेणे, उपविधी संमत करणे आणि झालेल्या खर्चाचा जाब विचारणे, ही कामे त्याच्यावाचून दुसरा कोणी करू शकत नाही. जो नगरसेवक पाच वर्षे केवळ नाल्यांच्या पाहणीत घालवितो आणि लेखापरीक्षणाचा अहवाल वाचत नाही, तो मतदारांना प्रिय होऊ शकतो. परंतु त्याचे निम्मे कर्तव्य अपुरेच राहते. दुर्दैवाने आपल्या नगरांतून असेच प्रतिनिधी अधिक आढळतात, आणि त्याला मतदारांच्या अपेक्षाही तितक्याच कारणीभूत आहेत.

महापौर : दोन परंपरा

1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्हा व विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. नंतर दोन्हीकडील नागरी कायद्यांनी भिन्न वाटा धरल्या. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवितो आणि आर्थिक मंजुरीची किल्ली स्थायी समितीच्या हाती राहते. मुंबई व नागपूर येथे 1998 मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, पण 1999 मध्येच तो गुंडाळण्यात आला.

छत्तीसगढात मात्र 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धती रुजली. महापौर नगरसेवकांतून आपले सहकारी निवडतो आणि त्यांच्याकडे जलप्रदाय, लोकनिर्माण, आरोग्य, वित्त आदी विभाग सोपवितो. हे सहकारी महापौराची मर्जी असेतोवर पदावर राहतात. आयुक्ताची नियुक्ती राज्य शासन करते. तो निर्णयांची अंमलबजावणी करतो आणि खर्चाच्या मंजुरीचे अधिकार रकमेनुसार आयुक्त, परिषद व महासभा यांच्यात विभागलेले असतात. महापौर कार्यकारी प्रमुख असल्याने सभेचे संचालन त्याच्याकडे नाही. त्यासाठी नगरसेवक आपल्यातून स्वतंत्र सभापती निवडतात. मंत्रिमंडळ व विधानसभाध्यक्ष यांच्यातील विभागणीशी याची तुलना करता येईल. महाराष्ट्राच्या पद्धतीत काम फसले तर महापौर आयुक्ताकडे आणि आयुक्त स्थायी समितीकडे बोट दाखवू शकतो. भिलाईत ती पळवाट अरुंद आहे, निदान नेहरू नगरापुरती तरी.

निवड कोणी करावी?

महापौर थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, याबाबत दोन्ही राज्यांचे धोरण हेलकावे खात आले आहे. छत्तीसगढात 2019 मध्ये थेट निवडणूक रद्द झाली. त्यामुळे भिलाईच्या 70 प्रभागांतून डिसेंबर 2021 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांनीच आपला महापौर निवडला. पुढे कायदा पुन्हा बदलला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये लगतच्या दुर्ग शहरातील मतदारांनी महापौरासाठी थेट मतदान केले. महाराष्ट्रातही नगराध्यक्षाची थेट निवड 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परतली. असे वारंवार होणारे बदल प्रशासनाच्या सोयीपेक्षा सत्तारूढ पक्षाच्या गणितावर अधिक अवलंबून असतात, हे उघड आहे.

थेट निवडीत एक पेच आहे. जनतेने निवडलेल्या प्रमुखाला नगरसेवकांनी साध्या अविश्वास ठरावाने दूर करणे तर्कास धरून नाही, आणि पाच वर्षे तो निर्धास्त राहावा हेही इष्ट नाही. छत्तीसगढ नगरपालिका अधिनियम, 1961 च्या कलम 47 ने यावर तोडगा काढला. निर्वाचित नगरसेवकांपैकी तीन-चतुर्थांशांनी प्रस्ताव दिल्यास अध्यक्षाला परत बोलाविण्याचा प्रश्न मतदारांसमोर ठेवला जातो. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसतात. 'भरी कुर्सी' आणि 'खाली कुर्सी' एवढेच दोन पर्याय असतात. जून 2008 मध्ये नवागढ, गुंडरदेही व राजपूर या लहान गावांतील अध्यक्षांना मतदारांनी याच मार्गाने पदावरून दूर केले. गुंडरदेही तेव्हा भिलाईच्याच दुर्ग जिल्ह्यात होते.

मतदार आणि करदाता

अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तरदायित्वाचा पाया कर हा आहे. नेहरू नगरातील घरमालक मालमत्ता कर भरतो, म्हणून पाण्याचा दाब कमी झाल्यास त्याला जाब विचारण्याचे ठोस कारण असते. कंपनीच्या मालकीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबावर त्या घराच्या मालमत्ता कराचा प्रत्यक्ष भार नाही. ते दायित्व मालक म्हणून कंपनीकडे जाते. येथे विद्यार्थ्यांनी अनुच्छेद 285 लक्षात ठेवावा. केंद्राच्या मालमत्तेस मिळणारी करमाफी सरकारी कंपनीला आपोआप लागू होत नाही, कारण कायद्याच्या नजरेत कंपनी ही शासनाहून वेगळी व्यक्ती असते.

तरीही महासभेत कराच्या दरावर मतदान होते, तेव्हा सेक्टरमधील नगरसेवकाचे मत आणि नेहरू नगरातील नगरसेवकाचे मत यांचे मोल सारखेच असते. एकाच्या मतदाराला वाढलेला दर आपल्या बिलात दिसतो, दुसऱ्याच्या मतदाराला तो दिसत नाही. त्यामुळे करवाढीचा प्रस्ताव आला की पहिल्याला प्रभागात उत्तर द्यावे लागते. दुसऱ्याला त्याच वेळी कारखान्याच्या नगरसेवा विभागाकडे अर्ज घेऊन जावे लागते, आणि तो विभाग कोणत्याही मतदाराने निवडलेला नाही.