पायथ्याची वस्ती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भूगोलावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण मी साखळीचा. सुट्टी संपली की चोर्ला घाट चढून बेळगावला येतो, आणि वाटेत दाट वस्ती विरळ होत जाताना बसच्या खिडकीतून दिसते.

संख्याशास्त्राच्या तासाला आपण सरासरी काढतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर; म्हणजे दर चौरस किलोमीटरला ३९४ माणसे. पण समुद्रकाठच्या बार्देशात हाच आकडा सुमारे ९००, तर घाटाखालच्या सत्तरीत जेमतेम १३०. सत्तरीत चढ, रान आणि १९९९ पासून म्हादई अभयारण्य. नांगराला सपाट जमीन थोडीच. आमचा डिचोली तालुका ४१० च्या आसपास, सरासरीला अगदी लागून. म्हणून तिथे माणसे सारखी पसरली आहेत, असे मात्र समजू नये.

घरे कुठे आहेत ते पाहा. वर जांभ्या दगडाचा सडा, त्यावर माती बोटभर. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडातून मुरते आणि पायथ्याशी झर होऊन निघते. तिथेच विहीर, तिथेच कुळागर, तिथेच घरे. त्याखाली भातशेती. शेतात घर बांधले तर पोटाची जमीन जाते, शिवाय पावसाळ्यात पाणी भरते. वाळवंटीचा पूर साखळीच्या बाजारात शिरलेला आम्ही पाहिला आहे! वाडा म्हणजे सडा आणि शेत यांमधली अरुंद पट्टी. खरी घनता त्या पट्टीत मोजली पाहिजे.

खनिजाने हे गणित काही काळ बदलले. खाणींमुळे परगावची माणसे आली, आणि डोंगर पोखरल्यावर काही वाड्यांच्या विहिरी आटल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा बाजार कसा ओसरला ते आमच्या दुकानाच्या जुन्या वह्यांत दिसते.

आता प्रश्न आमच्याच घरात आला आहे. दादाचे लग्न ठरले, खोल्या अपुऱ्या. खालच्या शेतात भराव घालून घर बांधू, असे तो म्हणतो. रस्ता जवळ आहे, त्याचेही चूक नाही. आजी म्हणते, "पाण्याची वाट अडवलीस तर ते आपल्याच परसात येईल." बाबा दोघांचेही ऐकून घेतात. गेल्या सुट्टीत दादाने भरावाच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडून मांडून घेतला. त्यात दरवर्षीच्या भाताचा रकाना त्याने सांगितला नव्हता, तो मी घातला. कागद सध्या बाबांकडे आहे.