कण्हेरीचा अर्क पिंपात घालावा का?

प्रश्न : कण्हेरीच्या पानांच्या अर्काने डासांच्या अळ्या मरतात, असे प्रयोगशाळेत दिसल्याचे वाचले. पाने उकळून ते पाणी आमच्या पिंपात ओतले तर चालेल का? शेवटी झाडपालाच आहे, अपाय नसावा.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : कृपा करून ओतू नका. कण्हेरीत ओलिअँड्रिन असते. ते हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप अडवते. ठोक्यांची लय बिघडून माणूस दगावू शकतो. पाने वाळवली तरी विष जात नाही.

आता त्या प्रयोगांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत एका भांड्यात साधारण २५ अळ्या सोडतात, अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा देतात आणि २४ तासांनी मेलेल्या मोजतात. अर्क नसलेल्या भांड्यातही काही मरतातच. त्या ५ ते २० टक्के असतील, तर ॲबट यांच्या १९२५ सालच्या सूत्राने आकडा दुरुस्त करतात. त्याहून जास्त मेल्या तर प्रयोगच बाद. यातून निम्म्या अळ्या मारणारी तीव्रता, म्हणजे ‘एलसी-५०’, कळते. ती जितकी कमी, तितका अर्क जहाल. पण हा निकाल अळीपुरता! तेच पाणी पिणाऱ्या लेकराचे किंवा गाईचे काय होईल, हे या चाचणीत तपासलेलेच नसते. शिवाय असे अर्क अनेकदा मिथेनॉलमध्ये काढतात, त्यावरून घरच्या काढ्याचा अंदाज बांधता येत नाही.

पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करा, आतून घासा, कोरडे होऊ द्या आणि घट्ट झाका. कोणाच्या पोटात हा काढा गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा.