घटक ५ : स्थळ, स्मृती आणि शब्द
(न्यू यॉर्क शहरातील समलिंगी हक्क-चळवळीच्या वास्तूंचे जतन : एक भाषिक अभ्यास)

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• वास्तुमूल्य आणि स्मृतिमूल्य यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• 'वाक्कृती' ही संकल्पना वारसा-जतनाच्या संदर्भात उदाहरणांसह मांडता येईल.
• एकाच घटनेला दिल्या गेलेल्या निरनिराळ्या नावांमागील दृष्टिकोन ओळखता येतील.
• एखाद्या स्थळाचे महत्त्व सांगणारे टिपण स्वतः लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ऐतिहासिक वास्तू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी, मंदिरे आणि वाडे उभे राहतात. त्यांची भव्यता पाहताच कळते. ती सांगण्यासाठी फलकाची फारशी गरज नसते. परंतु काही स्थळे अशी असतात की, तेथे काय घडले हे कोणी सांगितल्याशिवाय त्यांचे महत्त्व कळतच नाही. महाडचे चवदार तळे हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. अपरिचित प्रवाशाला ते एक तळे दिसेल. २० मार्च १९२७ रोजी तेथे काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र तेथे मानवी हक्कांचा इतिहास दिसेल. पाणी तेच, पायऱ्या त्याच. फरक पडतो तो सांगितल्या गेलेल्या शब्दांमुळे.

या घटकात आपण अशाच प्रकारच्या स्थळांचा अभ्यास करणार आहोत. ती अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात आहेत आणि त्यांचा संबंध समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीशी आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर थोडक्यात असे : विटा आणि दगड कायद्याने वाचवता येतात, पण ते का वाचवायचे हे शब्दच सांगतात. ते शब्द बदलले किंवा पुसले गेले, तर वास्तू उभी राहूनही वारसा नाहीसा होऊ शकतो.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ वास्तुमूल्य आणि स्मृतिमूल्य

न्यू यॉर्कमधील पेनसिल्व्हानिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ पासून पाडण्यात आली. त्यामुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९६५ मध्ये शहराने वारसा-वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा करून त्यासाठी आयोग नेमला. आरंभीच्या काळात या आयोगाचा मुख्य भर साहजिकच स्थापत्यावर होता. इमारतीच्या घडणीतून, वयातून वा सौंदर्यातून तिला जे महत्त्व येते, त्याला आपण 'वास्तुमूल्य' म्हणू. तेथे घडलेल्या घटनेतून किंवा तेथे वावरलेल्या माणसांमुळे जे महत्त्व येते, त्याला 'स्मृतिमूल्य' म्हणू.

या दोहोंतील अंतर 'स्टोनवॉल इन' या मद्यालयाच्या उदाहरणावरून उत्तम रीतीने कळते. ही वास्तू ग्रीनिच व्हिलेज या भागात, ख्रिस्तोफर स्ट्रीटवर आहे. मुळात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले दोन तबेले होते. १९३० मध्ये ते जोडून त्यांना एकच दर्शनी भाग देण्यात आला. २९ एप्रिल १९६९ रोजी आयोगाने दोन हजारांहून अधिक इमारती असलेला ग्रीनिच व्हिलेजचा परिसर ऐतिहासिक क्षेत्र म्हणून घोषित केला. स्टोनवॉलची इमारतही त्यात आपोआप संरक्षित झाली. तिला संरक्षण मिळाले ते परिसराच्या जुन्या रूपासाठी. तिची खरी ओळख ठरलेली घटना तर त्यानंतर दोन महिन्यांनी घडायची होती.

२८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तेथे धाड घातली. समलिंगी व्यक्तींच्या मद्यालयांवर अशा धाडी नित्याच्याच होत्या आणि लोक मुकाट्याने पांगत असत. त्या रात्री मात्र ते पांगले नाहीत. रस्त्यावर गर्दी वाढत गेली, पोलिसांनाच आत आश्रय घ्यावा लागला आणि पुढील काही दिवस त्या परिसरात संघर्ष होत राहिला. एक वर्षानंतर, २८ जून १९७० रोजी, या घटनेच्या स्मरणार्थ पहिला मोर्चा निघाला. आज जगातील अनेक शहरांत जून महिन्यात निघणाऱ्या अभिमान-यात्रांचे मूळ तेथे आहे.

मूळ मद्यालय त्याच वर्षी बंद पडले. पुढे त्या जागेत निरनिराळे व्यवसाय आले आणि गेले. दर्शनी भिंत कायद्याने शाबूत होती. पण अधिकृत कागदात ती का मोलाची आहे हे लिहिलेले नव्हते. ते लिहिले जाण्यास तीस वर्षे लागली. १९९९ मध्ये या स्थळाचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. साधारणतः पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या स्थळांचाच तेथे विचार होतो. येथे असाधारण महत्त्व सिद्ध करून अपवाद मिळवावा लागला. लक्षात घ्या, या नोंदीत केवळ इमारत नव्हती. समोरचे ख्रिस्तोफर पार्क आणि भोवतालचे रस्तेही होते, कारण घटना रस्त्यावर घडली होती. २००० मध्ये या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा, जून २०१५ मध्ये शहराच्या वारसा-वास्तूचा आणि २४ जून २०१६ रोजी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. एकच भिंत १९६९ मध्ये एका कारणासाठी संरक्षित होती आणि २०१५ मध्ये दुसऱ्या. भिंत बदलली नाही. तिच्याविषयीचे विधान बदलले.

याच्या उलट अनुभव १८६, स्प्रिंग स्ट्रीट या घराचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या या साध्या घरात १९७० च्या दशकात चळवळीतील काही महत्त्वाचे कार्यकर्ते राहत होते. ते जतन करावे अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही आणि २०१२ मध्ये ते पाडण्यात आले. स्मृतिमूल्य असते, परंतु ते अधिकृत शब्दांत वेळेवर नोंदले गेले नाही, तर काय होते याचे हे उदाहरण होय.

५.३.२ वाक्कृती : बोलणे म्हणजेच करणे

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वचिंतकाने दाखवून दिले की, काही विधाने केवळ माहिती देत नाहीत. ती उच्चारताच एक कृती घडते. 'मी ही सभा तहकूब करतो' असे अध्यक्ष म्हणतात, तेव्हा ते सभेचे वर्णन करीत नाहीत. सभा तहकूब करतात. अशा कृतीला 'वाक्कृती' म्हणतात. ती यशस्वी होण्यासाठी बोलणाऱ्याला अधिकार असावा लागतो आणि प्रसंगही योग्य असावा लागतो. 'ही वास्तू वारसा म्हणून घोषित करण्यात येत आहे' हे आयोगाचे विधान वाक्कृतीच आहे. तेच वाक्य तुम्ही किंवा मी उच्चारले, तर इमारतीला कोणतेही संरक्षण मिळणार नाही.

आता दुसरे स्थळ पाहू. स्टोनवॉलपासून चालत काही मिनिटांवर 'ज्युलियस' हे मद्यालय आहे. १९६० च्या दशकात राज्याच्या मद्य-परवाना व्यवस्थेत एक शब्द फार घातक ठरला होता : 'बेशिस्त'. बेशिस्त वर्तन चालते त्या मद्यालयाचा परवाना जाऊ शकत असे आणि समलिंगी ग्राहकांची नुसती उपस्थितीही बेशिस्त समजली जाई. म्हणजे माणसे काय करतात यावरून नव्हे, तर ती कोण आहेत यावरून तो शब्द त्यांना चिकटत होता.

२१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशिन सोसायटी या संघटनेचे डिक लाइट्श आणि त्यांचे सहकारी वार्ताहरांना बरोबर घेऊन मद्यालयांत गेले. आपण समलिंगी आहोत असे सांगून त्यांनी मद्य मागितले. एक-दोन ठिकाणी त्यांना ते मिळालेही. ज्युलियसमध्ये मात्र मद्य देणाऱ्याने नकार देत पेल्यावर हात ठेवला. तो क्षण छायाचित्रकार फ्रेड मॅकडारा यांनी टिपला. या कृतीला 'सिप-इन' असे नाव पडले. वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांत बसून केलेल्या 'सिट-इन' सत्याग्रहावरून, बसण्याच्या जागी घोट घेण्याची क्रिया घालून हा शब्द घडवला गेला. एका चळवळीने दुसरीकडून मार्ग घेतला आणि शब्दही घेतला.

या प्रसंगात दगडफेक नाही, गर्दी नाही. 'आम्ही समलिंगी आहोत' हे शांतपणे उच्चारलेले एक वाक्य आहे. ज्या समाजात ते वाक्य उच्चारल्याने नोकरी आणि घर गमवावे लागे, तेथे ते उच्चारणे हीच कृती होती. २०१६ मध्ये हे स्थळ राष्ट्रीय नोंदवहीत आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये शहराची वारसा-वास्तू झाले. एका वाक्याचे स्मरण दुसऱ्या वाक्याने कायम केले.

५.३.३ नावाची निवड

१८५७ च्या घटनेला कोणी 'शिपायांचे बंड' म्हणतो, कोणी 'उठाव', तर कोणी 'स्वातंत्र्यसमर'. घटना एकच, पण नाव निवडताच बोलणाऱ्याची बाजू कळते. स्टोनवॉलच्या बाबतीत हेच घडले. तिला 'दंगल' म्हटले की बेकायदा गर्दीचे चित्र उभे राहते. 'उठाव' म्हटले की अन्यायाचा प्रतिकार पुढे येतो. २०१६ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेने 'उठाव' या अर्थाचा शब्द स्वीकारला. मात्र 'दंगल' हा शब्द टाकून द्यावा असे चळवळीतील सर्वांनाच वाटत नाही. त्या रात्रीचा संताप सौम्य शब्दांत हरवू नये, असे त्यांना वाटते.

व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. जून २०१९ मध्ये, स्टोनवॉलच्या पन्नासाव्या वर्षी, आयोगाने आणखी सहा स्थळे घोषित केली. त्यांत लेखक जेम्स बाल्डविन आणि कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांची निवासस्थाने होती. बाल्डविन यांनी समलिंगी प्रेमावर निर्भयपणे लिहिले. पण 'गे' ही संज्ञा त्यांना स्वतःसाठी सोयीची वाटत नव्हती. ज्याने एक नाव स्वीकारले नाही, त्याच्या घरावर त्या नावाच्या इतिहासाचा फलक कसा लिहावा? येथे फलक लिहिणाऱ्याने लेबल लावण्यापेक्षा कार्य सांगावे, हे अधिक प्रामाणिक ठरते.

मराठीत लिहितानाही हीच दक्षता हवी. 'समलिंगी' हा शब्द आकर्षणाविषयी आहे. 'पारलिंगी' हा शब्द स्वतःच्या लिंगओळखीविषयी आहे. 'तृतीयपंथी' या शब्दाला आपल्याकडे विशिष्ट सामाजिक परंपरेचा संदर्भ आहे. म्हणून न्यू यॉर्कच्या संदर्भात 'पारलिंगी' हा शब्द अधिक नेमका होय.

५.३.४ पुसलेले अक्षर

इंग्रजीत या समुदायासाठी 'एलजीबीटीक्यू' हे संक्षिप्त रूप वापरतात. त्यातील 'टी' पारलिंगी व्यक्तींसाठी आणि 'क्यू' हे 'क्वीअर' या व्यापक संज्ञेसाठी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून पारलिंगी आणि क्वीअर हे उल्लेख काढून टाकण्यात आले. उरले ते फक्त 'एलजीबी'. दुसऱ्याच दिवशी लोक ख्रिस्तोफर पार्कमध्ये निषेधासाठी जमले.

या प्रसंगाचा शांतपणे विचार करा. उद्यानातील एकही झाड तोडले गेले नाही, इमारतीची एकही वीट हलली नाही. वास्तु-जतनाच्या कायद्याच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. तरीही लोकांना वारसा हिरावल्यासारखे वाटले, कारण मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांच्यासारख्या व्यक्तींवाचून या चळवळीचा इतिहास सांगता येत नाही. ज्या घटनेचे स्मारक आहे, तिच्याशी निगडित माणसांचे नावच स्मारकाच्या वर्णनातून गेले. व्याकरणात आपण लोप ही संज्ञा शिकतो : वर्ण जातो आणि शब्दाचे रूप बदलते. येथे वर्ण गेला आणि इतिहासाचे रूप बदलले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. योग्य शब्द भरा :
(अ) स्टोनवॉलचा परिसर १९६९ मध्ये ............ मूल्यासाठी संरक्षित झाला.
(आ) 'सिप-इन' हा शब्द ............ या शब्दाच्या धर्तीवर घडला.
२. स्टोनवॉलच्या राष्ट्रीय नोंदीत भोवतालचे रस्तेही का समाविष्ट केले गेले? एका वाक्यात उत्तर लिहा.

५.४ सारांश

काही स्थळांचे महत्त्व त्यांच्या बांधणीत नसून तेथील घटनांत असते. असे स्मृतिमूल्य डोळ्यांना दिसत नाही. ते शब्दांत नोंदवावे लागते. वारसा घोषित करणे ही वाक्कृती आहे. घटनेचे नाव, व्यक्तीची ओळख आणि समुदायाचा उल्लेख यांतील प्रत्येक शब्द इतिहासाकडे पाहण्याची दिशा ठरवतो. म्हणून स्थळाच्या जतनात भिंतीइतकीच तिच्याविषयीच्या मजकुराचीही राखण करावी लागते.

५.५ पारिभाषिक शब्द

वास्तुमूल्य : बांधणी, वय वा सौंदर्य यांमुळे वास्तूला येणारे महत्त्व.
स्मृतिमूल्य : घटना वा व्यक्ती यांमुळे स्थळाला येणारे महत्त्व.
वाक्कृती : उच्चारानेच घडणारी कृती.
पारलिंगी : जन्मतः नोंदलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेली व्यक्ती.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वास्तु (आ) सिट-इन.
२. संघर्ष केवळ इमारतीत नव्हे, तर भोवतालच्या रस्त्यांवर घडला, म्हणून.

५.७ स्वाध्याय

१. 'वास्तू उभी राहूनही वारसा नाहीसा होऊ शकतो', या विधानाची घटकातील दोन उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.
२. 'दंगल' आणि 'उठाव' या शब्दांच्या अर्थच्छटा स्पष्ट करा.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या स्मृतिफलकाचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. त्यात कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, हे गावातील दोन वयस्क व्यक्तींशी बोलून तपासा. नंतर त्याच स्थळासाठी साठ शब्दांचा नवा मजकूर लिहा. नोकरी आणि संसार सांभाळून शिकताना तुम्ही त्या फलकावरून रोज जात असाल. एकदा थांबून तो वाचला, तर या घटकाचा अर्धा अभ्यास तेथेच पूर्ण होईल.