खानदेशच्या छतावरील 'डिजिटल अँटिना' आणि ग्राहकाची फसवणूक

जळगाव किंवा धुळे शहरात राहणाऱ्या ज्या कुटुंबाला महिन्याचे शुल्क न भरता दूरचित्रवाणी पाहायची आहे, त्याच्यापुढे आज एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो म्हणजे दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह सेवेची छत्री. 'डिजिटल अँटिना' या नावाने जो दांड्यांचा सांगाडा आणि त्याला जोडायचा सेट टॉप बॉक्स ग्राहकाच्या गळ्यात घातला जातो, त्याला या दोन शहरांत पकडण्यासारखे काहीही उरलेले नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी असा संच विकला गेला, बसवला गेला आणि त्याचे पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. पुढील विवेचनामागे तो अनुभव आहे, आणि त्यातील विक्रेत्याचे नाव येथे दिलेले नसले तरी त्याचे वर्तन सविस्तर नोंदवणे आवश्यक वाटते.

छतावरच्या दांड्यांच्या अँटिनावर खानदेशातील लोकांचा विश्वास बसावा याला सबळ कारण आहे. १९८४ साली दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे, म्हणजे एका गावाला आणि त्याच्या आसपासच्या परिसराला पुरतील अशा छोट्या मनोऱ्यांचे, जाळे झपाट्याने विणले, आणि त्यानंतरच्या पिढीने लोखंडी नळीवर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्या लावून प्रत्यक्ष चित्र पाहिलेले आहे. या रचनेला शास्त्रात यागी-उदा अँटिना म्हणतात. १९२० च्या दशकात जपानमध्ये तिचा शोध लागला, आणि तिच्यातील एका दांडीत लहर उतरते, मागची दांडी ती परावर्तित करते व पुढच्या दांड्या तिला एका दिशेने एकवटतात. मात्र ज्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणावर हे सारे चालत होते, ते प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मोक्याची सुमारे ५० ठिकाणे वगळता उर्वरित प्रक्षेपक बंद करण्यासाठी ३१ मार्च २०२२ ही मुदत जाहीर केली.

त्याच्या जागी यायचे ते डिजिटल भूप्रक्षेपण. डीव्हीबी-टी२ या मानकानुसार चालणारी ही पद्धत, जिच्यात एकाच वारंवारतेवर अनेक वाहिन्या गुंडाळून पाठवता येतात, दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केली. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, होते आणि सातपुड्यापलीकडील इंदूर होते, पण खानदेशातील एकही शहर नव्हते. औरंगाबाद शहर जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणांहून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे, इंदूर त्याहून लांब आहे, आणि एकाच्या आड अजिंठा-सातमाळ्याची रांग तर दुसऱ्याच्या आड सातपुडा उभा आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे मोठ्या मनोऱ्याचाही भरवशाचा पल्ला साधारण साठ-सत्तर किलोमीटरपुरताच धरावा लागतो. खोक्यावर छापलेला शंभर किंवा दोनशे किलोमीटरचा आकडा कोणत्या मनोऱ्यापासून मोजला, हे खोक्यावर कधीच लिहिलेले नसते.

येथे एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सारी दिशाभूल तिच्यावरच उभी आहे. अँटिना डिजिटल किंवा अ‍ॅनालॉग नसतो. तो ठरावीक वारंवारतेची लहर गोळा करणारा धातूचा सांगाडा असतो आणि डिजिटल असते ते टीव्हीतील किंवा सेट टॉप बॉक्समधील ट्यूनर, जो त्या लहरीतील माहिती उलगडतो. त्याचप्रमाणे बूस्टर, म्हणजे वायरीत मध्ये बसवायचे वर्धक, आलेला संकेत मोठा करते, नसलेला निर्माण करत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हे खेड्यातल्या कोणालाही समजते. बूस्टर विकणाऱ्याला ते समजत नव्हते असे मानणे कठीण आहे.

प्रस्तुत प्रकरणात खरेदीपूर्वी विक्रेत्याला थेट प्रश्न विचारण्यात आला होता की हा संच जळगावात चालतो का, आणि त्यावर 'काका, शंभर किलोमीटरची रेंज आहे, बिनधास्त न्या' असे उत्तर मिळाले होते. दुकानात त्याच रंगाच्या बॉक्सवर चित्र स्वच्छ दिसत होते. घरी बसवल्यानंतर मात्र वाहिन्या शोधण्याची प्रक्रिया प्रत्येक वेळी शून्यावर संपली, आणि प्रत्येक शून्यासाठी नवे कारण पुढे आले: आधी दिशा चुकली होती, मग नळी आखूड होती, मग बूस्टर हवा होता, मग घरातला टीव्हीच जुना होता. बूस्टरचे पैसे वेगळे घेतले गेले, उंच नळीचेही घेतले गेले, आणि शेवटी 'ढगाळ हवामानामुळे होतंय, दोन दिवस थांबा' असेही सांगण्यात आले, जेव्हा आकाश निरभ्र होते.

उलगडा झाला तो पैसे परत मागण्यासाठी दुकानात जाणे झाले तेव्हा. दुकानातील टीव्हीवर खासगी हिंदी चित्रपट वाहिनी चालू होती, आणि तेवढ्यावरूनच शंका यायला हवी, कारण दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणात दूरदर्शनच्या स्वतःच्या मोजक्या वाहिन्यांखेरीज काही नव्हते. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला असताना रिमोटवरून मेनू उघडला गेला, तर पडद्यावर उपग्रहांची यादी आणि 'एलएनबी' असा रकाना दिसला. एलएनबी हे छत्रीच्या पुढच्या दांडीवर बसवलेले छोटे यंत्र असते, ते उपग्रहाची अतिउच्च वारंवारता खाली आणून वायरीत सोडते. भूप्रक्षेपणाच्या बॉक्सला त्याच्याशी काहीही कर्तव्य नसते. त्यानंतर वायरीचा माग काढला असता ती काउंटरवर मांडलेल्या अँटिनाकडे न जाता भिंतीच्या कडेने जिन्यावरून गच्चीवरील छत्रीपर्यंत गेलेली आढळली. हे दाखवून दिल्यावर विक्रेत्याने वायर काढून घेतली, 'डेमो वेगळा असतो' एवढेच म्हटले आणि आवाज चढवून दुकानाबाहेर जाण्यास सांगितले. ही गैरसमजातून झालेली चूक नव्हती. एक वस्तू दाखवून दुसरी विकण्याची ती योजना होती.

अशा प्रकरणात फुकटाच्या मोहापायी फसले, असा शेरा ग्राहकालाच ऐकवला जातो, आणि तो सर्वस्वी अन्यायकारक आहे. सार्वजनिक प्रसारण मोफत पाहणे हा मोह नव्हे. त्यासाठीच ते चालवले जाते. २०१९ मध्ये केबल आणि डीटीएचवर करांव्यतिरिक्त १३० रुपयांचे जाळेशुल्क आणि वर वाहिन्यांचे दर लागू झाल्यावर अनेक घरांनी पर्याय शोधला, यात वावगे काही नाही. योग्य प्रश्न विचारणाऱ्याला खोटे उत्तर मिळाले तर दोष उत्तर देणाऱ्याचा असतो.

आता छत्रीविषयी. डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आज ती नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून, प्रसारित होते. त्या स्थानावरून गणित केले असता जळगावसाठी छत्रीची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३८ अंश आणि धुळ्यासाठी सुमारे १३६ अंश येते, म्हणजे व्यवहारात आग्नेय, आणि क्षितिजापासून उंचीचा कोन दोन्हीकडे सुमारे ५८ अंश. मोबाइलमधील होकायंत्र यासाठी पुरते, मात्र ते लोखंडी नळीपासून दूर धरावे. शेजाऱ्याची छत्री पाहून दिशा ठरवायची असेल तर ती फ्री डिशचीच आहे याची खात्री करावी, कारण टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर आहे.

बहुतेकांचा गोंधळ उंचीच्या कोनात होतो. बाजारात मिळणारी छत्री ऑफसेट प्रकारची, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली, असते, त्यामुळे तिचे तोंड आकाशाकडे ५८ अंशांत वळलेले दिसत नाही. ते त्याहून वीस-पंचवीस अंशांनी खाली, बरेचसे उभे दिसते, आणि तसेच ते बरोबर असते. कोनपट्टी लावून पत्राच ५८ अंशांवर वळवणारा कारागीर संकेत कधीच पकडणार नाही. याशिवाय एलएनबी स्वतःभोवती फिरवावा लागतो, कारण उपग्रहाच्या लहरी रेषीय ध्रुवणाच्या, म्हणजे एका ठरावीक प्रतलात कंपन पावणाऱ्या, असतात आणि खानदेशातून हा तिरकेपणा सुमारे ४० अंशांचा भरतो. एलएनबी सरळ उभा ठेवून निघून जाणारे बरेच आहेत.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी, आणि यांतील पहिलीवर विश्वास ठेवू नये. एलएनबीला वीज मिळाली की छत्री भिंतीकडे वळलेली असली तरी स्ट्रेंग्थ भरलेली दिसू शकते. क्वालिटीची पट्टी पाहत छत्री बोटभर हलवावी, थांबावे, पुन्हा हलवावे. ती पट्टी जास्तीत जास्त भरल्याशिवाय कारागिराचे पैसे देऊ नयेत, कारण जेमतेम लागलेला संकेत पहिल्या पावसातच तुटतो.

जागेची निवड सोपी आहे. आग्नेयेकडील भिंत किंवा कडुनिंब छत्रीपेक्षा जितका उंच असेल, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतर मोकळे लागते; तीन मीटर उंच भिंतीपासून दोन मीटर सरकले तरी भागते. खरी अडचण असते बसवण्याची. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांवर मातीच्या छतात खिळे-बोल्ट धरत नाहीत, पत्र्यावर ते गळती करतात, आणि मे-जूनमध्ये रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागा आडव्या करणारे वादळ छत्रीलाही सोडत नाही. म्हणून विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर ठोकून पाय बसवावा, आणि भिंतच नसेल तर सिमेंटचा ओटा ओतून घ्यावा. दगडांचे वजन ठेवलेली छत्री म्हणजे पुढच्या वर्षाची तक्रार. वायर आरजी-६ प्रकारची घ्यावी, उन्हात तिचे आवरण फाटते म्हणून उघड्यावरचा भाग नळीतून न्यावा, आणि घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून आत येत नाही. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्यावा, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहामागे येतो आणि काही दिवस रोज काही मिनिटे चित्र जाते. ते आपोआप परत येते. त्या दिवसांत कोणी नवा एलएनबी घ्यायला सांगितले तर त्याला परत पाठवावे.

खरेदीच्या वेळी पक्के बिल घ्यावे, हा सल्ला नेहमीचाच आहे, पण त्या बिलावर 'जळगाव येथे वाहिन्या दिसतील' असे वाक्य लिहून घ्यावे, हे फारसे कोणी सांगत नाही; खोटे विकणारा ते वाक्य लिहिताना अडखळतो आणि तेथेच उत्तर मिळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे, आणि सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत किंवा तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. जळगाव किंवा धुळ्यात ज्यांच्या छतावर असा निरुपयोगी सांगाडा उभा आहे, त्यांनी तो उतरवण्यापूर्वी बिल, खोके आणि शून्य वाहिन्या दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि मुदतीच्या आत तक्रार दाखल करावी.