फिट आली म्हणजे अपस्मारच का?



वर्गात एखादी मुलगी अचानक खाली कोसळते. तिची दातखिळी बसते, ती हातपाय झाडू लागते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो. घरची मंडळी "बाहेरचे काही असेल" म्हणतात. असे दोन-चार वेळा झाले, दवाखान्यातील तपासण्या चांगल्या आल्या, की मग लोक म्हणू लागतात, "काही नाही हो, नाटक करते." या सर्व समजुती चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत, हे या पाठात समजून घेऊ.

झटक्यांचे दोन प्रकार

आपल्या मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी एकमेकींशी बोलतात. अपस्मारात (फेफरे, कन्नडमध्ये मूर्छे रोग) हे संदेश काही काळ बेसुमार वाढतात आणि झटका येतो. हे विजेचे वादळ ई.ई.जी. या यंत्रावर बहुधा टिपता येते.

दुसऱ्या प्रकारच्या झटक्यात शरीर तसेच कोसळते, तसेच थरथरते, पण मेंदूत ते वादळ नसते. डॉक्टर याला 'सायकोजेनिक नॉन-एपिलेप्टिक सीझर्स' म्हणत आले आहेत. अलीकडे 'फंक्शनल' किंवा 'डिसोसिएटिव्ह सीझर्स' असेही म्हणतात. असह्य ताण आला की मनाचा शरीरावरील ताबा काही वेळ सुटतो, असे याचे साधे वर्णन करता येईल.

हे सोंग नव्हे. परीक्षेच्या भीतीने पोटात कळ येते, लाजेने चेहरा लाल होतो. ते कोणी ठरवून करत नाही. तसेच हे झटकेही रुग्ण ठरवून आणत नाही व मनात आणले म्हणून थांबवू शकत नाही. यामागे मारहाण, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातील भांडणे, अभ्यासाचा किंवा लग्नाचा दबाव अशी कारणे असू शकतात. काही रुग्णांत असे एकही कारण सापडत नाही. म्हणून "सांग, तुला काय झाले?" असा तगादा लावू नये.

निदान कसे होते?

अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात आणि झटका साधारणपणे एक-दोन मिनिटांत थांबतो. दुसऱ्या प्रकारात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, मान डावी-उजवीकडे हलते, झटका कमी-जास्त होत बराच वेळ चालतो. पण एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. खात्रीची तपासणी म्हणजे व्हिडिओ ई.ई.जी. यात झटका चालू असताना चित्रण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी घेतात. ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. घरच्यांनी मोबाईलवर झटक्याचे चित्रण करून फक्त डॉक्टरांना दाखवले, तर निदानाला मोठी मदत होते. ते चित्रण इतरांना पाठवू नये.

जर्मनीतील बॉन येथील अभ्यासात (२००२) असे आढळले, की योग्य निदान होईपर्यंत रुग्णांची सरासरी सात वर्षे गेली होती. तोवर अनेकांना अपस्माराच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गोळ्या या झटक्यांवर लागू पडत नाहीत. मात्र काही रुग्णांना दोन्ही आजार असतात. म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आपल्या भागातील अनुभव

मराठवाडा, बीदर आणि कलबुर्गी या पट्ट्याला भानामती हा शब्द नवा नाही. एखाद्या गावात बायका घुमू लागतात, झटके देतात, कुत्र्यासारखा आवाज काढतात. मग गाव करणी करणारा माणूस शोधू लागते. अनेकदा एखाद्या गरीब विधवेवर संशय जातो आणि तिला मार खावा लागतो. जिला झटके येतात तिचे दुःख तसेच राहते, आणि दुसरी एक निरपराध बाई भरडली जाते. मराठवाड्यात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन याविरुद्ध प्रबोधन केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कर्नाटकातही २०१७ साली असा कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आता गुन्हा आहे.

आपल्याच अफजलपूर तालुक्यातील गाणगापूरला दत्तदर्शनासाठी दूरदूरचे लोक येतात. आरतीच्या वेळी घुमणारी माणसेही तेथे दिसतात. त्या प्रत्येकाला हाच आजार असतो असे नाही. श्रद्धेने कोणाच्या मनाला धीर मिळत असेल, तर त्याला नावे ठेवू नयेत. पण दर्शन घेऊन आल्यावर डॉक्टरांकडेही जावे. एकासाठी दुसरे सोडण्याची गरज नाही.

"लग्न करून द्या, बरी होईल"

पूर्वी या आजाराला हिस्टेरिया म्हणत. हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्याकडेही योषापस्मार, म्हणजे स्त्रियांचा अपस्मार, असे नाव होते. यातूनच लग्न हा उपाय असल्याचा समज पसरला. एकोणिसाव्या शतकातच पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी हा आजार पुरुषांनाही होतो असे दाखवून दिले होते. तेव्हा लग्न हे यावरचे औषध नाही. शाळा सुटून घाईने लग्न झाले, तर आजारी मुलीवर नवा ताण मात्र येतो.

झटका आल्यावर

१. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
२. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल नको.
३. गर्दी हटवा. एकाने जवळ बसून शांतपणे म्हणावे, "तू सुरक्षित आहेस, मी येथेच आहे."
४. झटका पहिलाच असेल, निदान झालेले नसेल, पाच मिनिटांहून अधिक चालला, श्वासाला त्रास झाला किंवा इजा झाली, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आजारासह जगणे

उपचाराची पहिली पायरी म्हणजे डॉक्टरांनी आजाराचे नाव नीट समजावून सांगणे. एवढ्यानेही काहींचे झटके कमी होतात. पुढे समुपदेशन व मानसोपचार असतो. झटक्याची चाहूल ओळखणे, पाय जमिनीवर घट्ट टेकणे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घेणे, असे उपाय त्यात शिकवतात. ब्रिटनमध्ये ३६८ प्रौढ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०२०) असे दिसले, की विशेष मानसोपचाराने झटक्यांची संख्या नेहमीच्या उपचारांपेक्षा फारशी घटली नाही, पण रोजचे जगणे सुधारले. म्हणून "आज किती झटके आले?" एवढेच न मोजता, ती शाळेत गेली का, जेवली का, मैत्रिणींत हसली का, हेही पाहावे.

झटके आटोक्यात येईपर्यंत विहिरीवर किंवा नदीवर एकटीने जाणे, चुलीजवळ एकटीने काम करणे व वाहन चालवणे टाळावे. शाळा मात्र बंद करू नये. शिक्षकांनी वर्गाला दोन वाक्यांत समजावून सांगावे आणि झटका संपल्यावर थोडी विश्रांती देऊन मुलीला पुन्हा वर्गात बसवावे.

मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा (१४४१६) विनामूल्य आहे. तेथे कन्नड व मराठीतही बोलता येते. मुलांवर अत्याचार होत असल्यास चाइल्डलाइनला (१०९८) कळवावे.

"नाटक करते" हे दोन शब्द आपण तोंडातून काढले नाहीत, तरी त्या मुलीचे अर्धे ओझे उतरेल. तेवढे तर आपल्या हातात आहे.

स्वाध्याय
१. अपस्मार आणि मानसिक ताणातून येणारे झटके यांतील मुख्य फरक सांगा.
२. झटका आल्यावर कोणत्या तीन गोष्टी करू नयेत?
३. झटके येणारी मैत्रीण शाळेत परत आली, तर वर्ग तिच्यासाठी काय करू शकेल? घरी चर्चा करून पाच ओळी लिहा.